वसंतातील तळी: आमिषाआधी पाण्याची ऊब पाहावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण रत्नागिरीच्या खाडीत लहानपणापासून गरवत आलेले, सध्या रेडिंगजवळ राहणारे. मार्चमध्ये आपण तिथल्या एका अँगलिंग क्लबचे सभासद झालात, क्लबच्या तीन तळ्यांपैकी सर्वांत खोल तळे निवडून एप्रिलच्या पूर्वार्धात काही सकाळी बसलात, पावाचे गोळे सढळ हाताने टाकलेत आणि तरीही फ्लोट, म्हणजे गळाचे तरंगते बोंड, जागचा हलला नाही. समोरच्या काठावरील एका वयस्कर सभासदांना मात्र दुपारी टेंच मासे लागत होते. ते कोणते आमिष वापरत असावेत, असे आपण विचारले आहे. मी टेम्सच्या खोऱ्यातील एका क्लबच्या तळ्यांवर बरीच वर्षे मासे धरतो आहे आणि काही काळ तिथे बेलिफ म्हणून देखरेखही केली आहे. त्या अनुभवावरून सांगतो की त्यांचे आमिष बहुधा आपल्यापेक्षा फारसे वेगळे नसावे. फरक त्यांच्या जागेत आणि वेळेत होता. इंग्लंडमधल्या वसंतात मासा कुठे असेल हे पाण्याची ऊब ठरवते, आणि ती ऊब कुठे साठते हे कळले की आमिषाचा प्रश्न अर्ध्याहून अधिक सुटतो.

रेडिंगच्या आसपासची बहुतेक तळी म्हणजे बांधकामासाठी आणि रस्त्यांसाठी रेती-खडी उपसल्यावर पाण्याने भरलेल्या खाणी आहेत. त्यामुळे त्यांचा तळ ओबडधोबड असतो. काठापासून चार पावलांवर पाणी एकदम खोल होते, मध्येच खडीचा उंचवटा येतो, एखाद्या कोपऱ्यात कमरेएवढ्या पाण्याची गाळाची खाडी असते. सामन आणि ट्राउट वगळता गोड्या पाण्यातील जे मासे इथे हौसेने धरले जातात, म्हणजे टेंच, ब्रीम, रोच, रड, पर्च, पाइक, क्रुशियन आणि आपल्याकडे शेततळ्यांत ज्याला सायप्रिनस म्हणतात तो कॉमन कार्प, ते सर्व अशा पाण्यात सापडतात. त्यांपैकी वसंताचा खरा मासा टेंच. हिवाळ्यात तो जवळपास निश्चल असतो आणि एप्रिल-मे महिन्यांत चरायला बाहेर पडतो.

आपण सर्वांत खोल जागा निवडलीत ते खाडीच्या सवयीने साहजिकच होते. डिसेंबरात हाच निर्णय कदाचित योग्य ठरला असता. पाणी ४ अंश सेल्सियसला सर्वांत जड असते, म्हणून कडाक्याच्या थंडीत पृष्ठभाग गोठू लागला तरी खोल भागाचे तापमान त्या मानाने स्थिर राहते आणि मासे तिथे थांबतात. मार्चच्या अखेरीस हे चित्र उलटते. उन्हाने वरचे आणि उथळ पाणी आधी तापते, आणि खोलातले पाणी आठवडेच्या आठवडे मागे राहते. गाळाचा काळसर तळ असलेल्या दोन-तीन फूट पाण्यात एप्रिलच्या उन्हाची दुपार जो फरक घडवते, तो बारा फुटांच्या खड्ड्यात मे महिन्यापर्यंत दिसत नाही. अशा उबदार उथळ पाण्यात आधी किडे, अळ्या, गोगलगायी हालचाल करू लागतात आणि त्यांच्यामागोमाग मासे येतात. मात्र उथळ पाणी जितक्या लवकर तापते तितक्याच लवकर निवतेही. म्हणून मासा रात्री पुन्हा खोलाकडे सरकतो, आणि सर्वांत भरवशाची जागा उथळ खाडीच्या मध्यभागी नसून ती खाडी जिथे खोल पाण्याला मिळते त्या उतारावर असते.

आता काठाविषयी. इथे सूर्य दक्षिणेकडून तिरका येतो. दक्षिण काठावरच्या झाडांची सावली पाण्यावर पडते. उत्तर काठावरच्या झाडांची सावली मात्र मागच्या शेतावर जाते, म्हणून उत्तर काठालगतच्या पाण्याला दिवसभर ऊन मिळते. त्यात वाऱ्याची भर घाला. नैर्ऋत्येचा उबदार वारा दोन-तीन दिवस वाहिला की तापलेले वरचे पाणी ढकलले जाऊन ईशान्य काठाशी साचते. अशा वेळी वारा तोंडावर घेऊन बसणे त्रासदायक असले तरी फायद्याचे असते. उलट ईशान्येचा बोचरा वारा सुटला, तर त्याच काठाला मागच्या झाडांचा आडोसा मिळतो. म्हणजे दोन्ही परिस्थितींत उत्तर आणि ईशान्येकडचा काठच पुढे येतो. तळ्याचा आकार, बेटे आणि झाडी यांनी यात फरक पडतो खरा, परंतु अनोळखी तळ्यावर एप्रिलमध्ये मी पहिली फेरी तिकडेच मारतो. या काठावर बसल्यावर ऊन समोरून येते आणि पाण्याच्या चमकेत फ्लोटचे टोक हरवते. त्यासाठी पोलरॉइड चष्मा हवाच. तो नसेल तर काळ्या टोकाचा फ्लोट लाल टोकाच्या फ्लोटापेक्षा अधिक स्पष्ट दिसतो.

दोऱ्याला बांधून पाण्यात सोडता येईल असा एक साधा तापमापक जरूर घ्या. महागड्या रॉडपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. एकाच ठिकाणी, साधारण एकाच वेळी आणि तळाशी मोजलेले आकडे वहीत टिपून ठेवा. माझ्या अनुभवात पाणी ८ अंशांच्या खाली असेल तर रोचवर समाधान मानावे. १० ते १२ अंशांना टेंच जागा होतो, आणि १५ अंशांच्या पुढे क्रुशियनसह बहुतेक सर्व मासे चरू लागतात. हे आकडे ढोबळ आहेत. खरे महत्त्व चढउताराला आहे. सलग तीन दिवस हळूहळू वाढत ११ अंशांवर आलेले पाणी हे आदल्या दिवशी १३ असून निरभ्र रात्रीच्या दहिवराने ११ वर घसरलेल्या पाण्यापेक्षा कितीतरी चांगले. ब्लॅकथॉर्नच्या काटेरी झुडपांवर पांढरी फुले येतात तेव्हा हमखास थंडीची लाट येते, असे इथले जुने लोक मानतात आणि त्या लाटेला ‘ब्लॅकथॉर्न विंटर’ असे म्हणतात. हवामानखात्याच्या कसोटीवर हे दरवर्षी उतरत नाही, पण एप्रिलच्या पहिल्या उन्हाला भुलून टेंचची सर्व तयारी करणाऱ्याला ते सावध करते. हॉथॉर्न फुलला, म्हणजे साधारण मे उजाडला, की मग निर्धास्त व्हावे.

वेळेचा हिशोबही यातूनच निघतो. आपण पहाटे जाऊन दहा-अकराला उठत होतात. एप्रिलमध्ये ती दिवसाची सर्वांत थंड वेळ असते. तेव्हा सावकाश न्याहारी करून निघावे आणि दुपारी एक ते सूर्यास्त एवढा वेळ बसावे. मेच्या मध्यापासून रात्री उबदार होतात, आणि मग पहाटेचे दोन-तीन तास टेंचसाठी सर्वोत्तम ठरतात.

जागा ठरली की गळ टाकण्याआधी तळ मोजावा. गळाला प्लमेट, म्हणजे बुडाशी बूच बसवलेले वजन, अडकवून ते टाकायचे. फ्लोट पूर्ण बुडाला तर पाणी फ्लोटाच्या मापापेक्षा खोल आहे, आणि तो आडवा पडला तर उथळ. मग फ्लोट वरखाली सरकवत, त्याचे फक्त टोक पाण्याच्या पातळीशी येईपर्यंत मोजायचे. हे काठापासून थोड्याथोड्या अंतरावर केले की उतार कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते हाताला कळते. प्लमेटच्या बुचाला काय चिकटून येते तेही पाहावे. काळा कुजका वासाचा गाळ आला तर जागा बदलावी. तांबूस माती, बारीक खडी किंवा कोवळ्या वनस्पतीचा तुकडा आला तर तिथेच थांबावे. पाणकमळाची नवी पाने या दिवसांत अजून पाण्याखाली गुंडाळलेली असतात, वरून काहीच दिसत नाही, परंतु त्यांचे जाड कंद तळाशी असतात आणि टेंचला त्यांच्या आजूबाजूला वावरणे फार आवडते.

आमिष आणि चारा यांबाबत आपली चूक एवढीच की चारा फार झाला. थंड पाण्यात माशाचे पचन मंद असते. पोट भरायला त्याला थोडे पुरते, आणि उरलेला पाव तळाशी कुजत पडतो. ग्राउंडबेटमध्ये, म्हणजे मासे जमवायला पाण्यात टाकायच्या चाऱ्यात, शिजवलेले भांगेचे बी (इथे ते हेम्प नावाने दुकानात उघड मिळते, नशेशी त्याचा संबंध नाही) आणि थोडे कास्टर, म्हणजे मॅगटचे (माशीच्या अळ्यांचे) कोश, मिसळून लिंबाएवढे दोन गोळे उताराच्या पायथ्याशी टाकावेत आणि मासा लागेपर्यंत किंवा बुडबुडे दिसेपर्यंत तिसरा टाकू नये. गळावर लाल मॅगट, मक्याचा एक दाणा किंवा गांडुळाचे बोटाच्या पेराएवढे टोक, यांपैकी काहीही चालेल. पाणी थंड असेल तर मॅगट, १२ अंशांच्या वर मका आणि पाऊस पडून पाणी गढुळले तर गांडूळ, असा माझा क्रम असतो. बॉइली आणि पेलेट ही कार्पवाल्यांची आमिषे टेंचही खातो, तरी वसंताच्या सुरुवातीला मी नैसर्गिक आमिषालाच पसंती देतो.

आपल्या समोरचे सभासद बहुधा लिफ्ट पद्धतीने बसले असावेत, कारण जुन्या पिढीतील टेंचवाल्यांची ती आवडती पद्धत आहे आणि ती काठालगतच्या उथळ पाण्यासाठीच आहे. मोरपिसाच्या दांड्याचा फ्लोट फक्त बुडाशी, सिलिकॉनच्या लहान नळीने तंगुसावर बसवतात. फ्लोटाला बुडवू शकेल एवढे एकच वजन गळापासून दोन-तीन इंचांवर असते. खोली प्रत्यक्षापेक्षा जराशी जास्त ठेवतात, जेणेकरून वजन तळावर टेकेल. रॉड दोन टेकूंवर ठेवून तंगूस हळूहळू ताणत आणले की फ्लोट उभा राहतो आणि फक्त टोक वर उरते. टेंच डोके खाली, शेपटी वर करून आमिष तोंडात घेतो आणि सरळ होतो. त्याबरोबर वजन उचलले जाते, आणि बुडण्याऐवजी फ्लोट पाण्यातून वर येऊन आडवा पडू लागतो. कोकणात गरवताना बुडणाऱ्या बोंडावर हात उचलण्याची सवय असलेल्याला हे प्रथम चमत्कारिक वाटते. फ्लोट वर चढत असतानाच रॉड उचलावा. तो पूर्ण आडवा पडून स्थिर होईपर्यंत थांबल्यास पुष्कळदा आमिष थुंकून टाकलेले असते. यासाठी ५ ते ६ पौंडांचे तंगूस, मक्यासाठी १० किंवा १२ क्रमांकाचा आणि मॅगटसाठी १४ क्रमांकाचा बिनकाट्याचा गळ पुरेसा आहे.

टेंच आल्याची खूण त्याआधीच मिळते. तळ उकरून खाताना त्याच्या कल्ल्यांतून सुटणारे बुडबुडे टाचणीच्या डोक्याएवढे बारीक असतात, पुंजक्याने वर येतात आणि पृष्ठभागावर काही क्षण फसफसत राहतात. तो पुंजका हळूहळू सरकतो. कार्पचे आणि ब्रीमचे बुडबुडे सहसा मोठे आणि विरळ असतात. एकाच जागी, ठरावीक अंतराने येणारा मोठा बुडबुडा मात्र नुसत्या गाळातल्या वायूचा असतो, आणि नवखे सभासद त्यावरच तासन्‌तास डोळे लावून बसतात. बुडबुडे चालू असूनही फ्लोट हलत नसेल तर आमिष लहान करावे. मासा बारीक अळ्यांवर लागला आहे असे समजावे.

लागलेला टेंच तीन-चार पौंडांचा असला तरी कार्पसारखा दूर धावत नाही. तो तळाशी दबून, धक्के देत, कमळाच्या कंदांकडे वळतो, म्हणून सुरुवातीपासून रॉड बाजूला झुकवून त्याला मोकळ्या पाण्याकडे आणावे. जाळे पाण्यात स्थिर ठेवून मासा त्यावर आणावा, जाळे माशाच्या मागे फिरवू नये. हात आणि चटई ओली करूनच त्याला स्पर्श करावा. टेंचचे खवले इतके बारीक असतात की त्याचे अंग ऑलिव्ह रंगाच्या ओल्या कातड्यासारखे लागते, डोळा लहान आणि लालभडक असतो, आणि अंगावर बुळबुळीत थर असतो. हा थर इतर माशांच्या जखमा बऱ्या करतो, या जुन्या समजुतीवरून त्याला इथे ‘डॉक्टर फिश’ असे म्हणत आले आहेत. समजुतीत तथ्य नाही, परंतु तो थर त्याच्या स्वतःच्या कातडीचे रक्षण नक्की करतो, म्हणून कोरडा टॉवेल वापरू नये. पोटाखालचे पर मोठे आणि पळीसारखे खोलगट असतील तर तो नर. मेअखेरीस अंड्यांनी भरलेली मादी बरीच जड भरते. तिच्या वजनाचा विक्रम मिरवणे मला फारसे प्रामाणिक वाटत नाही. शिवाय अशा मादीला किपनेटमध्ये, म्हणजे धरलेले मासे पाण्यात ठेवायच्या जाळीत, तर मुळीच ठेवू नये.

इतर माशांविषयी थोडक्यात. गार दिवसांत रोचसाठी बारीक गळ आणि दर काही मिनिटांनी चिमूटभर मॅगट, एवढे पुरते. पर्च एप्रिलच्या सुमारास पाण्यात बुडालेल्या फांद्यांवर अंड्यांच्या पांढुरक्या लांब पट्ट्या घालतो. त्या दिसल्या तर फांदी हलवू नये. पाइक याच काळात अंडी घालून थकलेला असतो, म्हणून अनेक क्लब मार्चच्या मध्यापासून शरद ऋतूपर्यंत त्याची मासेमारी बंद ठेवतात. क्रुशियनची गोडी लागली, तर सरे परगण्यातील मिलफर्डजवळची गोडाल्मिंग अँगलिंग सोसायटीची मार्श फार्मची तळी त्यासाठी देशभर नावाजलेली आहेत. मात्र तिथे मेच्या आधी जाण्याची घाई करू नये आणि फ्लोटाचे टोक पाण्यावर अगदी तिळाएवढेच ठेवावे, कारण क्रुशियनचा चावा विलक्षण नाजूक असतो.

आपण नियमांविषयी विचारलेले नाही, तरी रत्नागिरीहून आणलेल्या सामानाचा उल्लेख आपण केला आहे म्हणून सांगणे भाग आहे. त्यातील शिशाची वजने इथे वापरू नका. हंस ती गिळून मरत असल्याने ०.०६ ग्रॅमपेक्षा जड आणि २८.३५ ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांवर १९८७ पासून बंदी आहे. टंगस्टन किंवा इतर बिनविषारी धातूंची वजने दुकानात मिळतात. क्लबचे सभासदत्व म्हणजे परवाना नव्हे. १३ वर्षे आणि त्यावरील प्रत्येकाला एन्व्हायर्न्मेंट एजन्सीचा रॉड परवाना लागतो. १३ ते १६ वयाच्या मुलांना तो विनामूल्य असला तरी काढावाच लागतो, आणि तो नसल्यास २,५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. नद्यांवर १५ मार्च ते १५ जून या काळात या माशांच्या मासेमारीला बंदी असते. शेफील्डचे खासदार मंडेला यांनी पुढाकार घेतलेल्या १८७८ च्या कायद्यापासून ती चालत आली आहे, आणि तिचा हेतू आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै या काळात समुद्रातील यांत्रिक मासेमारी थांबवण्यामागे असतो तोच, म्हणजे विणीला उसंत मिळावी हा. १९९५ पासून बहुतेक तळी तिच्यातून वगळली गेली. तरीही काही संरक्षित तळ्यांवर ती लागू आहे आणि काही क्लब स्वेच्छेने ती पाळतात, म्हणून आपल्या क्लबचे नियमपुस्तक आधी वाचावे. पाणपक्ष्यांनी घरटी केलेल्या जागाही या दिवसांत बंद असतात. दोरी लावलेली दिसली तर ती ओलांडू नये.

मासा घरी नेण्याचा विचार मनात येणे स्वाभाविक आहे, आणि आपण तो मोकळेपणाने मांडलात हे बरे केलेत. तळ्यातील मासे क्लबच्या मालकीचे असतात. परवानगीशिवाय नेणे म्हणजे १९६८ च्या कायद्यानुसार चोरीच, आणि क्लब ती परवानगी देत नाहीत. तसाही टेंचला गाळाचा वास येतो, त्यामुळे तळलेल्या तुकडीची निराशाच होईल. ताटात मासा हवा असेल तर उन्हाळ्यात दक्षिण किनाऱ्यावर जावे. समुद्रात गळ टाकायला रॉड परवाना लागत नाही, आणि बांगड्याच्याच कुळातला मॅकरेल तिथे मिळतो.

दुसऱ्या तळ्यावरून येताना जाळी आणि चटई धुऊन पूर्ण वाळवूनच आणावीत. कार्पचा हर्पीस विषाणू आणि परदेशी कोलंब्या ओल्या जाळ्यातूनच पसरतात. डबा उघडण्याआधी हात धुवावेत, कारण आपल्याकडे पावसाळ्यात ज्याची धास्ती असते तो लेप्टो इथेही उंदरांच्या मुताने पाण्यात येऊ शकतो.

मेअखेरीस किंवा जूनमध्ये पाणी १८ ते २० अंशांवर गेले की एखाद्या सकाळी काठच्या गवतात कार्प एकमेकांना ढुशा देत, पाठी पाण्याबाहेर काढून धडपडताना दिसतील. नर ब्रीमच्या डोक्यावर पांढुरके खरखरीत फोडही याच सुमारास दिसतात. ही वीण आहे. अशा वेळी मासा आमिष घेतच नाही असे नाही, पण तेव्हा गळ गुंडाळून ठेवावा आणि बेलिफला कळवावे, म्हणजे तो भाग काही दिवस बंद करता येतो. टेंचची वीण त्यानंतर येते आणि ती टप्प्याटप्प्याने होते, त्यामुळे जूनच्या मध्याला तळ्यावरचा मासा लहरी होतो. तोवर १६ जून उजाडून नद्या उघडलेल्या असतात. आपल्या क्लबकडे केनेट किंवा टेम्स नदीचा एखादा पट्टा असेल तर मी त्या आठवड्यापासून तिकडे जाईन आणि तळ्यावर जुलैत परतेन.